जुन्या मालकाचं कर्ज, आमच्या दारात नोटीस

(पत्रलेखिकेची ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीत राहणाऱ्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. गेल्या वर्षी तिने आणि तिच्या नवऱ्याने पहिलं घर घेतलं. डाउन पेमेंटसाठी सासऱ्यांनी साताऱ्याजवळचा प्लॉट विकला. टायटलचा म्हणजे घराच्या मालकीहक्काचा शोध, टायटल इन्शुरन्सची म्हणजे त्या हक्काच्या विम्याची पॉलिसी आणि क्लोजिंगच्या म्हणजे व्यवहार पूर्ण होण्याच्या दिवशीची पैशांची वाटणी हे सगळं काम एकाच टायटल एजंटकडे होतं. तो एजंट मराठी मंडळातला जुना कार्यकर्ता. सगळे त्याला दादा म्हणतात. ज्यांच्याकडून घर घेतलं त्यांच्यावर सुमारे 3,10,000 डॉलरचं जुनं गृहकर्ज होतं आणि क्लोजिंगला जमा झालेल्या पैशांतून ते पहिल्यांदा फेडायचं होतं. दादांनी ते फेडलंच नाही. काही महिने त्या कर्जाचे हप्ते तेवढे भरत राहिले, मग तेही थांबले. आता त्या जुन्या कर्जाच्या बँकेने फोरक्लोजरचा, म्हणजे थकलेल्या कर्जापोटी घर विकून वसुली करण्याचा, दावा लावला आहे आणि प्रतिवादींमध्ये या दोघांची नावं आहेत. नवऱ्याने विमा देणाऱ्या टायटल कंपनीला फोन केला. दोन दिवसांनी ईमेल आली : संबंधित एजंट फक्त पॉलिसी देण्यापुरता आमचा एजंट आहे, क्लोजिंगचे पैसे हाताळणं हा त्याचा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला आम्ही जबाबदार नाही. दादा म्हणतात, दोन महिने द्या, 40,000 डॉलर आत्ता देतो, फक्त तक्रार करणार नाही असं लिहून द्या. ग्रीन कार्डचा अर्ज अजून अडकलेला असल्याने नवऱ्याला गाजावाजा नको आहे. तिचा प्रश्न असा : "कंपनीने हात वर केले. मग जे मिळतंय ते घेऊन सही करावी का? वकिलाचे पैसे वाचवायला गेलो आणि हे झालं. चूक आमचीच ना?"

प्रिय मैत्रिणी,

आधी तारखेचं बोलू, बाकीचं सगळं त्यानंतर. तुमच्या पत्रात मध्येच एक वाक्य आहे, की मागच्या आठवड्यात एक माणूस कागद हातात देऊन गेला. तो समन्स असेल तर न्यू जर्सीत त्या दिवसापासून लेखी उत्तर दाखल करायला 35 दिवस मिळतात. उत्तर गेलं नाही तर दावा तुमच्याशिवाय पुढे सरकतो. इथलं फोरक्लोजर कोर्टातूनच होतं आणि त्याला बराच वेळ लागतो, त्यामुळे उद्या कुणी येऊन कुलूप लावणार नाही. पण "वेळ लागतो" या भरवशावर पहिली मुदत हुकली तर पुढचं सगळं अवघड होतं. मी तुमची वकील नाही, आणि तुम्हाला वकील लागणार आहेच. या आठवड्यातच गाठा. रिअल इस्टेटचे दावे लढणारा, टायटल कंपन्यांविरुद्ध काम केलेला हवा. केवळ क्लोजिंग करणारा नको.

दादांच्या कागदावर सही करू नका. हे मी रागाने लिहीत नाही, पॉलिसीच्या अटी डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. अमेरिकेतल्या बहुतेक टायटल पॉलिसी 'अल्टा' या टायटल कंपन्यांच्या व्यवसाय-संघटनेच्या नमुन्यावर बेतलेल्या असतात. त्या नमुन्यात दोन अटी आहेत, ज्या दादांना ठाऊक आहेत आणि तुम्हाला बहुधा कुणी वाचून दाखवलेल्या नाहीत. पहिली अशी, की विमाधारकाने कंपनीच्या लेखी संमतीशिवाय परस्पर तडजोड करून जे ओझं अंगावर घेतलं, त्याची भरपाई कंपनी देणार नाही. दुसरी अशी, की कंपनीने तुम्हाला भरपाई दिली की चोराकडून वसुली करण्याचा तुमचा हक्क कंपनीकडे जातो, आणि तो हक्क तुम्ही आधीच सोडून दिला असेल तर तेवढ्यापुरती कंपनी मोकळी. म्हणजे 40,000 डॉलर घेऊन "आमची काही तक्रार नाही" असं लिहून दिलंत, तर ज्या कंपनीने तुमचं घर सोडवायचं तिला नकाराचं भक्कम कारण तुम्हीच हातात दिलं असं होईल. भावाकडून उसने घेऊन जुन्या बँकेचे हप्ते भरायचा विचारही तुम्ही लिहिला आहे. तोही वकिलाला आणि कंपनीला लेखी कळवल्याशिवाय अमलात आणू नका. तुमचं स्वतःचं नवं कर्ज मात्र एकही हप्ता न चुकवता भरत राहा. ते पूर्ण वेगळं आहे.

आता कंपनीच्या ईमेलकडे येऊ. तुम्ही ती निकाल असल्यासारखी वाचली आहे. मला ती तशी वाटत नाही.

नवऱ्याने फोनवर काय विचारलं ते तुम्ही लिहिलं आहे : "तुमच्या एजंटने पैसे खाल्ले, तुम्ही जबाबदार आहात का?" कंपनीने त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं. पण तुमचा पहिला प्रश्न तो असायलाच नको. पहिला प्रश्न असा हवा, की आमच्या पॉलिसीत या घराचं टायटल कोणत्या बोज्यांशिवाय स्वच्छ आहे असं तुम्ही लिहून दिलं आहे? सात-बाऱ्यावरचा बोजा आपल्याला माहीत असतो, इथेही बोजा तसाच नोंदलेला असतो, फक्त काउंटी क्लर्कच्या दप्तरात. पॉलिसीला 'शेड्यूल बी' नावाचा भाग असतो. ज्या बोज्यांना संरक्षण नाही ते तिथे एकेक करून लिहिलेले असतात. क्लोजिंगच्या आधी मिळालेल्या कमिटमेंटमध्ये, म्हणजे कोणत्या अटींवर पॉलिसी देऊ हे सांगणाऱ्या कागदात, जुन्या मालकाचं कर्ज "हे फेडलं गेलं पाहिजे" या अटीखाली आलेलं असणार. अंतिम पॉलिसीच्या शेड्यूल बीमध्ये ते कर्ज अपवाद म्हणून नसेल, तर कंपनीने त्या कर्जापासून तुमच्या घराला विमा दिलेला आहे. मग ते कर्ज चोरीमुळे राहिलं, विसरल्यामुळे राहिलं की बँकेच्या चुकीमुळे राहिलं, याने मूळ बंधन बदलत नाही. बोजा आहे, तो वगळलेला नाही, आणि त्याच्यावरून तुमच्यावर दावा झाला आहे. अशा वेळी पॉलिसीप्रमाणे कोर्टात तुमचा बचाव स्वखर्चाने करणं हेसुद्धा कंपनीचं काम असतं. एजंटच्या पापाची जबाबदारी कुणाची, हा मोठा प्रश्न. कदाचित तो सोडवायची गरजच पडणार नाही.

कंपनी यावर एक जुनं उत्तर देऊ शकते. विमाधारकाने स्वतः निर्माण केलेला, सोसलेला किंवा मान्य केलेला बोजा पॉलिसीतून वगळलेला असतो. त्यावर बोट ठेवून म्हणतील, क्लोजिंग करणारा माणूस तुमच्या वतीने काम करत होता, त्याची करणी ती तुमची करणी. हे वाचून खचू नका. नेमका हाच युक्तिवाद न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयासमोर येऊन गेला आहे.

1993 सालचा तो खटला, सिअर्स मॉर्गेज विरुद्ध रोझ. खरेदीदारांच्या वकिलाने क्लोजिंग केलं, विकणाऱ्याचं कर्ज फेडण्यासाठी पैसे घेतले आणि फेडले नाहीत. बँकेने फोरक्लोजर लावलं. टायटल कंपनी म्हणाली, तो तुमचा वकील, आमचा त्याच्याशी काय संबंध? न्यायालयाने मानलं नाही. कंपनीला पॉलिसी देता यावी म्हणून लागणारी कामं तोच वकील करत होता, म्हणजे त्या कामांपुरता तो कंपनीचाही एजंट होता. त्याच्यावर लक्ष ठेवणं, धोका ओळखणं आणि खरेदीदारांना सावध करणं कंपनीला शक्य होतं. तिने ते केलं नाही, तेव्हा नुकसान तिने सोसावं, असा त्या निकालाचा रोख आहे. त्यातला न्याय मला फार मोलाचा वाटतो. दोन निर्दोष पक्षांपैकी एकाला चोरीचा भार उचलायचाच असेल, तर ज्याला चोर निवडता आणि पारखता येत होता त्याने तो उचलावा.

तुमच्या बाबतीत तो माणूस तुमचा वकील नव्हता, कंपनीने नेमलेला परवानाधारक एजंटच होता. एका अर्थी तुमची बाजू त्या खरेदीदारांपेक्षा बळकट आहे. तरी दोन्ही प्रकरणं हुबेहूब नाहीत आणि याची कल्पना तुम्हाला असायला हवी. कंपनी आणि एजंट यांच्यातल्या करारात बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं, की एजंटने पॉलिसी द्यावी, प्रीमियम घ्यावा, आणि एस्क्रोचे म्हणजे क्लोजिंगचे पैसे हा त्याचा स्वतःचा कारभार. अमेरिकेतल्या अनेक न्यायालयांनी ही विभागणी मान्य करून कंपन्यांना सोडलंही आहे. पण तो करार तुम्ही पाहिला नव्हता, पाहण्याचा मार्गही नव्हता. तुमच्यासमोर काय आलं? दादांच्या पत्रांवर त्या कंपनीचं नाव होतं का? कमिटमेंट त्याच पाकिटातून, त्याच ईमेलवरून आली का? पैसे कुठे पाठवायचे याच्या सूचना तिच्यासोबतच होत्या का? कंपनीच्या संकेतस्थळावर "आमचे एजंट" म्हणून त्यांचं नाव होतं का? हे सगळं आजच्या आज स्क्रीनशॉट घेऊन साठवा, कारण प्रकरण बाहेर पडलं की एजंटची नावं यादीतून निघतात. ज्याला अधिकार आहे असं कंपनीच्या वागण्यातून बाहेरच्या माणसाला वाटलं, त्याच्या कृत्याने कंपनी बांधली जाऊ शकते, हे एजन्सीच्या कायद्यातलं जुनं तत्त्व आहे. बँकेच्या काउंटरमागे बसलेल्या कॅशियरच्या हातात पैसे देताना त्याचं नेमणूकपत्र कुणी मागत नाही, तसंच हे.

आणखी एक कागद शोधायचा आहे : क्लोजिंग प्रोटेक्शन लेटर. हे पत्र टायटल कंपनी स्वतः देते. क्लोजिंगचे पैसे किंवा कागद हाताळताना आमच्या एजंटने लबाडी केली तर प्रत्यक्ष नुकसान आम्ही भरून देऊ, असं त्यात लिहिलेलं असतं. म्हणजे ईमेलमध्ये "आमचा संबंध नाही" म्हणणारी कंपनी या पत्रात, ठराविक अटींवर का होईना, संबंध मान्य करते. कर्ज देणारी बँक हे पत्र घेतल्याशिवाय सहसा पैसे सोडत नाही, त्यामुळे तुमच्या नव्या बँकेकडे ते असण्याची दाट शक्यता आहे. खरेदीदाराच्या नावाने मात्र ते आपोआप मिळत नाही; मागावं लागतं आणि वेगळं शुल्क भरावं लागतं. सिअर्सच्या निकालानंतर न्यू जर्सीत खरेदीदाराला अशा संरक्षणाची लेखी सूचना द्यायची पद्धत पडली. तेव्हा क्लोजिंगच्या गठ्ठ्यात तुमच्या सहीची अशी सूचना आहे का, तुम्ही "हवं"वर खूण केली की "नको"वर, हे पाहा. कंपनीचा वकील तो कागद आधी शोधेल. "नको"वर खूण असली तरी पॉलिसीतून मिळणारं संरक्षण आहे तिथेच राहतं. फक्त मघाचा एजन्सीचा रस्ता अरुंद होतो.

आणि इथे दुसरी तारीख येते. अल्टाच्या नमुन्यातल्या या पत्रावर क्लेम करायला पैसे पाठवल्याच्या दिवसापासून एक वर्षाची मुदत असते. तुमचं क्लोजिंग गेल्या वर्षीचं. ते वर्ष कधी भरतं ते आज कॅलेंडरवर पाहा. दादांचे "दोन महिने" त्या तारखेच्या अलीकडे संपतात की पलीकडे, हेही पाहा.

नव्या बँकेला तुम्ही अजून काहीच कळवलेलं नाही, कारण "त्यांना कळलं तर कर्ज परत मागतील" अशी भीती तुम्ही लिहिली आहे. मला वाटतं, सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. या भांडणात नवी बँक तुमच्याच बाजूला उभी आहे. तिला पहिल्या क्रमांकाचा बोजा मिळेल असं सांगून तिचे पैसे घेतले गेले, आणि आता ती जुन्या बँकेच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर आहे. तिच्याकडे स्वतःची लेंडर्स पॉलिसी म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या नावाची टायटल पॉलिसी आहे, बहुधा क्लोजिंग प्रोटेक्शन लेटर आहे आणि पगारी वकील आहेत. तिच्या क्लेमपोटी टायटल कंपनीने जुनं कर्ज फेडून टाकलं, तर तुमच्या घरावरचा बोजाही त्याच दिवशी उतरतो. वकिलामार्फत लेखी कळवा, त्यांच्याकडची सगळी पत्रं मागा, आणि त्यांना क्लेम दाखल करायला सांगा.

तसेच विकणारे. तुम्ही त्यांच्यावर चिडला आहात, पण ते कर्ज आजही त्यांच्या नावावर आहे आणि हप्ते थकल्याने त्यांचं क्रेडिट मातीत गेलं आहे. त्यांना वाटत होतं कर्ज फिटलं. तेही फसलेलेच आहेत. शिवाय न्यू जर्सीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या डीडमध्ये, म्हणजे खरेदीखतात, विकणारा लिहून देतो, की मी या मालमत्तेवर कोणताही बोजा ठेवलेला नाही. त्यामुळे कायद्याने त्यांच्याकडेही मागणी करता येते. मी असते तर आधी त्यांना फोन करून दादांनी त्यांना काय सांगितलं, कोणती पत्रं पाठवली, ते मागवून घेतलं असतं. दोन घरांचे कागद शेजारी ठेवले की खोटं लवकर उघडं पडतं.

आता दादा.

तुम्ही लिहिता, "माणूस वाईट नाही, अडचणीत असेल. गणपतीत वीस वर्षं राबलाय." असेल. पण त्यांनी पैसे खाल्ल्यावर काय केलं ते पुन्हा वाचा. जुन्या कर्जाचे हप्ते भरले. का? नोटीस येऊ नये, तुम्हाला कळू नये म्हणून. केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे हप्ता थकून 120 दिवस झाल्याशिवाय फोरक्लोजर सुरू करता येत नाही. थोडे हप्ते भरले की तेवढा काळ आणखी पुढे ढकलला जातो. अडचणीत सापडलेला माणूस एक दिवस चुकतो आणि येऊन सांगतो. हप्ते भरत राहायला मात्र दर महिन्याला नव्याने ठरवावं लागतं.

आणि दोन महिन्यांनी 3,10,000 डॉलर कुठून येणार? टायटल एजंटच्या एस्क्रो खात्यात जो पैसा असतो तो सगळा दुसऱ्यांच्या क्लोजिंगचा असतो. असल्या चोऱ्यांची नेहमीची रीत अशी, की मागचं भोक पुढच्या क्लोजिंगच्या पैशांनी बुजवायचं. तुम्हाला कबूल केलेले 40,000 डॉलर कदाचित अशाच एखाद्या जोडप्याचे आहेत, जे आत्ता नव्या घराचे पडदे निवडत असेल. तुम्ही गप्प राहिलात तर ते जोडपं पुढच्या वर्षी तुमच्या जागी असेल, आणि मंडळातलंच असेल, कारण दादांकडे माणसं तिथूनच येतात. म्हणून तक्रार करणं हा मला सूड वाटत नाही. टायटल एजंटला परवाना देणारं न्यू जर्सीचं बँकिंग आणि विमा खातं ही पहिली जागा. तिथे लेखी तक्रार करा, कागद जोडा. दुसरी जागा काउंटी प्रॉसिक्युटर म्हणजे काउंटीचा सरकारी वकील, किंवा एफबीआय. वायरने मागवलेले पैसे लबाडीने लाटणं हा केंद्रीय गुन्हा आहे आणि बँकेला झळ बसली असेल तर शिक्षा 30 वर्षांपर्यंत जाऊ शकते. कुठे आधी जायचं ते वकिलाला ठरवू द्या.

मंडळात काय बोलायचं? काहीच नाही, निदान आत्ता. व्हॉट्सॲपवर नाव घेऊन लिहू नका. जे सांगायचं ते परवाना देणाऱ्यांना, पोलिसांना आणि कोर्टाला. कुणी थेट विचारलं, "आमचं क्लोजिंग दादांकडे आहे, काय करू?" तर एवढं नक्की सांगा : पैसे पाठवण्याआधी टायटल कंपनीच्या मुख्य कार्यालयाला फोन करून क्लोजिंग प्रोटेक्शन लेटर मागून घ्या.

ग्रीन कार्डची भीती मी हलक्यात घेत नाही. इथे राहणाऱ्या आपल्या कितीतरी कुटुंबांनी त्या एका भीतीपायी पगार बुडाला तरी तोंड उघडलेलं नाही. पण नीट विचार करा. अर्जात विचारतात ते तुम्ही केलेल्या गुन्ह्यांबद्दल, तुमच्या अटकेबद्दल. तुमची फसवणूक झाली, तुम्ही तक्रार केली, तुम्ही दिवाणी दाव्यात पक्षकार आहात, यातलं काहीही तुमचा गुन्हा ठरत नाही. इमिग्रेशनच्या वकिलाला एक ईमेल टाकून खात्री करून घ्या, म्हणजे नवऱ्यालाही झोप लागेल. उलट खऱ्या व्यवहाराबद्दल खोटा कागद सही करून ठेवणं, हे मात्र पुढे कुठल्याही चौकशीत अंगाशी येऊ शकतं.

"चूक आमचीच ना?" या तुमच्या प्रश्नापाशी मी बराच वेळ थांबले. वकील लावायला हवा होता, हो. न्यू जर्सीत खरेदीच्या करारावर सही झाल्यावर वकिलाकडून तपासून घ्यायला तीन दिवस मिळतात, ते तुम्ही सोडून दिले. पण वकील असूनही लोक याच पद्धतीने बुडाले आहेत. सिअर्सच्या खटल्यात तर चोर वकीलच होता. टायटल इन्शुरन्स हा धंदाच मुळी अशा विश्वासातून झालेल्या नुकसानीतून जन्माला आला. फिलाडेल्फियात एका खरेदीदाराने मालमत्तेचे कागद तपासणाऱ्या माहीतगारावर विसंबून मालमत्ता घेतली, मागाहून बोजा निघाला, आणि 1868 साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉटसन विरुद्ध म्युरहेड या खटल्यात सांगितलं, की त्या माहीतगाराने हलगर्जीपणा केलेला नाही, त्यामुळे खरेदीदाराला भरपाई नाही. त्यानंतर 1876 साली त्याच शहरात पहिली टायटल इन्शुरन्स कंपनी निघाली. माणसावर विसंबायला नको, मागे कंपनी उभी असावी, यासाठीच आपण प्रीमियम भरतो. तुम्हीही भरला. क्लोजिंगच्या हिशेबात ती ओळ आहे.

त्या प्रीमियमचा मोठा वाटा एजंटच्याच खिशात राहतो, हे लोकांना माहीत नसतं. कंपनीला धंदा आणून देणारा तोच असतो, म्हणून त्याची फार तपासणी करायला हात आखडतो. 2007 साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने या व्यवसायावर अहवाल दिला, तेव्हा ग्राहक स्वतः निवड न करता दुसऱ्याच्या शिफारशीवर चालतात आणि देखरेख वाढवायला हवी, असं सांगितलं होतं. जी कंपनी एजंटच्या हाताने पैसे गोळा करते, तिने एजंटच्या हाताकडे पाहायला हवं. एवढी साधी अपेक्षा ठेवण्यात तुमची काय चूक?

महाराष्ट्रातून आलेल्यांच्या मनात या पॉलिसीची किंमतच नसते, हे मात्र खरं. तिकडे आपण वकिलाचा सर्च रिपोर्ट घेतो, सात-बारा पाहतो, इंडेक्स टू काढतो. 2016 च्या रेरा कायद्याच्या 16व्या कलमात टायटलच्या विम्याची तरतूद असली तरी सामान्य फ्लॅट घेणाऱ्याच्या हातात अशी पॉलिसी आलेली नसते. त्यामुळे इथे आल्यावर क्लोजिंगच्या खर्चातली ती एक फी वाटते आणि पॉलिसी न वाचता फाइलमध्ये जाते. तुमची तर अजून पोस्टाने आलेलीच नाही असं तुम्ही लिहिलं आहे. हे गंभीर आहे, पण आशा सोडण्यासारखं नाही. एजंटने पॉलिसी छापलीच नसेल, प्रीमियमही कंपनीला दिला नसेल. तरी तुमच्याकडची कमिटमेंट आणि प्रीमियम वळता झाल्याची क्लोजिंगच्या हिशेबातली ओळ हा मोठा पुरावा आहे. पॉलिसी देण्यापुरता तो आपला एजंट आहे, हे कंपनीने आपल्या ईमेलमध्येच मान्य केलं आहे. त्या ईमेलमधलं तुमच्या सगळ्यात उपयोगाचं वाक्य तेच.

तर कंपनीला आता फोन नको, पत्र हवं. क्लेम विभागाच्या पत्त्यावर, पोच मिळेल अशा टपालाने, आणि ईमेलनेही. त्यात युक्तिवाद करू नका. घराचा पत्ता, क्लोजिंगची तारीख, कमिटमेंटचा क्रमांक, फोरक्लोजरच्या दाव्याचा क्रमांक, समन्स मिळाल्याची तारीख, आणि तीन मागण्या : पॉलिसीखाली क्लेम नोंदवा, दाव्यात आमचा बचाव करा, आणि कुठलंही क्लोजिंग प्रोटेक्शन लेटर दिलं असल्यास त्याची प्रत द्या, त्याखालीही आमचा क्लेम समजा. शक्य असेल तर वकिलाच्या सहीने जाऊ द्या, पण वकील मिळायला आठवडा लागणार असेल तर तुमच्या सहीने आज पाठवा. नकार आला तर कोणत्या कलमाखाली ते लेखी मागा. बँकिंग आणि विमा खात्याकडे कंपनीविरुद्धही तक्रार करता येते.

ज्यांचं क्लोजिंग अजून व्हायचं आहे त्यांनी याच पत्रातून आपल्यापुरतं घ्यावं. न्यू जर्सीत टायटलचे दर एकाच रेटिंग ब्युरोमार्फत ठरतात, त्यामुळे ओळखीच्या माणसाकडे प्रीमियम स्वस्त पडतो हा समज सोडा. एजंट कुठल्या कंपनीचा आहे ते विचारा आणि कंपनीच्या कार्यालयातून खात्री करा. तुमच्या स्वतःच्या नावाने क्लोजिंग प्रोटेक्शन लेटर मागा. शेजारच्या न्यूयॉर्कमध्ये मात्र अशी पत्रं देत नाहीत, तिथे तुमचा वकील हाच आधार. जुनं कर्ज फेडल्याच्या वायरची पावती क्लोजिंगनंतर दोन-चार दिवसांत मागा, आणि दोन-तीन महिन्यांनी काउंटी क्लर्कच्या नोंदींमध्ये जुन्या कर्जाचा डिस्चार्ज म्हणजे बोजा उतरल्याचा कागद नोंदला गेला का ते पाहा. घरबसल्या दिसतं, आपलं आडनाव आणि जुन्या मालकाचं नाव टाकून. ज्यांनी मागच्या दोन-तीन वर्षांत घर घेतलं किंवा रिफायनान्स केलं त्यांनीही आज संध्याकाळी पाहावं.

सासऱ्यांना सांगायचं की नाही, हे तुम्ही शेवटी कंसात विचारलं आहे. सांगा, पण वकिलाची पहिली भेट झाल्यावर, नवऱ्याने स्वतः, फोनवर एका दमात नाही तर व्हिडिओवर समोरासमोर. त्यांनी जमीन विकून दिलेला पैसा आहे, त्यांना दुसऱ्याकडून कळणं हे चोरीपेक्षा जास्त लागेल. त्यांना सांगताना "आम्ही फसलो"च्या आधी "घर आमच्याच नावावर आहे आणि कोर्टात आमच्या बाजूने वकील उभा आहे" हे सांगा. तेव्हा ते खरं असेल.

कमिटमेंटमधलं ते शेड्यूल बीचं पान सापडलं की त्याचा फोटो आधी वकिलाला पाठवा. नवी बँक काय म्हणाली आणि कंपनीने लेखी काय उत्तर दिलं, ते मला नक्की कळवा.